फुलाफुलांचा अभ्रा

मी एक जुना अभ्रा आहे, मित्रांनो. उशीचा नव्हे, कॉम्प्युटरचा! हसलात ना? हसा. पण जे घडलं ते आठवून मी आजही हादरतो, तेव्हा जरा सावरून बसा.

माझा जन्म आष्टीतल्या एका संस्थेत झाला. ऊस तोडायला जाणाऱ्या बायकांसाठी ती संस्था शिवणवर्ग चालवत असे. त्या काळी पुण्याच्या कंपन्या जुने कॉम्प्युटर काढून नवे घेत होत्या. अशाच एका कंपनीने या बायकांना शिकायला म्हणून एक कॉम्प्युटर पाठवला. तो जीपमधून उतरताच संस्थेचे माणिकराव म्हणाले, "भिवराबाई, आदी याला अभ्रा शिवा. धुळीनं वाटोळं व्हईल." वर्गातल्या भिवराबाईंनी पडद्याचं उरलेलं फुलाफुलांचं कापड घेतलं, माप काढलं आणि मला शिवलं. खाली झालरसुद्धा लावली. काय रुबाब होता माझा!

येणारा-जाणारा माझं कौतुक करी. दसऱ्याला हळद-कुंकूसुद्धा माझ्यावरच वाहिलं जाई. मला काढायचं मात्र कुणी नाव घेत नसे.

"दादा, आमाला कवा शिकिवता?" भिवराबाई सारख्या विचारत. माणिकराव मनाने वाईट नव्हते, भित्रे होते. "बिघडलं तर आष्टीत दुरुस्त करणारं कोण हाय? दसरा होऊ द्या, मग बघू," असं म्हणत. दसरा होई, दिवाळी होई, आणि बायका ट्रकात बसून उसाच्या फडावर निघून जात. वर्ग राहूनच जाई.

मग एका दिवाळीच्या तोंडावर निरोप आला की कंपनीचे साहेब बघायला येणार. कॉम्प्युटर वापरात दिसला तर आणखी चार देणार, आणि शिकणाऱ्या बाईला संस्थेत बारमाही काम. भिवराबाईंनी नवऱ्याला, धर्मराजला, सांगून टाकलं की यंदा मी तोडीला येत नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. "तुज्याबिगर मी अर्धाच कोयता," धर्मराज म्हणाला. मग कोयत्याला धार लावता लावता म्हणाला, "पर खरंच शिकणार आसशील तर भावाला जोडीला घीन."

साहेब आले. माणिकरावांनी मला दोन्ही हातांनी अलगद काढलं आणि बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. साहेबांनी कॉम्प्युटरची पेटी उघडली आणि खोलीभर उग्र वास सुटला. आत उंदरांचं घरटं! टेबलाच्या भोकातून शिरून त्यांनी वायरी कुरतडल्या होत्या. पिलांखाली माझ्याच झालरीचे धागे अंथरले होते. मित्रांनो, मी थिजून गेलो. ज्याची मी राखण करत होतो, तो माझ्या पोटाखाली कधीच मेला होता!

"बायकांना यात रस दिसत नाही," साहेब म्हणाले. "बाकीचे दुसरीकडे देऊ."

माणिकराव मान खाली घालून उभे होते. दाराशी उभ्या असलेल्या भिवराबाई बोलल्या, "सायब, एक डाव तरी हात लावू दिला आसता, तर उंदरांच्या आदी आमी शिकलो आसतो."

साहेब जीपमध्ये जाऊन बसले. कॉम्प्युटर भंगारात गेला. भिवराबाई त्याच आठवड्यात धर्मराजबरोबर ट्रकात चढल्या. माणिकरावांनी मला त्यांच्या हाती दिलं, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. तेव्हापासून माझ्यात भाकरी बांधल्या जातात.

मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या इतर वस्तूंसारखं 'मला जपा' असं मी सांगणार नाही. त्या जपण्यानेच घात केला. वस्तू ज्याच्यासाठी आली आहे, त्याचा हात तिला आधी लागू द्या. झिजली तर झिजू द्या.

फडावर पहिल्याच दिवशी शेजारच्या पाचटाच्या कोपीतल्या सारजाबाई भाकरी खायला आल्या. त्यांनी माझी झालर चाचपली.

"लई नामी कापड हाय गं. कशावरचं?"

"कॉम्प्युटरवरचं."

"आगं बया! चालू केल्यावर कसा दिसतो गं त्यो?"

भिवराबाई माझी गाठ सोडता सोडता थांबल्या.

"ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. "म्या त्याचं माप तेवढं घेतलं व्हतं."