कडीचा रुपया

आईची आठवण आली की मला आधी चिंचेचा ओला, आंबट वास येतो. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी शरदातलं कोवळं ऊन परसात उतरलं की ती गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातला निजामी रुपया काढायची, चिंचेच्या कोळाने घासून लख्ख करायची आणि पूजेच्या ताटात न ठेवता पुन्हा पदराआड लपवायची. पूजेला खोटं नाणं चालत नाही, असं आजीचं, म्हणजे तिच्या सासूचं, म्हणणं होतं.

तो रुपया आईला तिच्या वडिलांनी, उमरीच्या बापूंनी, लग्नात दिला होता. ती हदगावला नांदायला आली त्याच दिवशी आजीने तो शहाबादी फरशीवर टाकून पाहिला. चांदीचा रुपया खणखणतो, हा तिच्या पिढीचा कस. हा मात्र ठक्क करून गप्प झाला. बापाने लेकीला खोटा रुपया दिला, हे वाक्य त्या दिवसापासून आमच्या घरात मुक्कामालाच आलं. आई कधी भांडली नाही. तिने फक्त तो रुपया पुन्हा जमिनीवर पडू दिला नाही. विहिरीवर वाकताना, पंगतीत वाढताना तिचा डावा हात आपसूक गळ्याशी जाई. आजीवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

आजी गेल्यावर कैक वर्षांनी, मोबाईलवर जुन्या नाण्यांचे लाखांचे भाव पाहून, मीच आईला नांदेडला घेऊन गेलो. मला किंमत हवी होती, उगाच खोटं कशाला बोलू? नाण्यांचा नाद असलेले एक निवृत्त चित्रकला शिक्षक तिथे राहत. त्यांनी खिडकीतल्या उजेडात रुपयावरचा चारमिनार भिंगाखाली धरला, चिमुकल्या काट्यावर वजन केलं, कडेवरून नख फिरवलं. चिंचेने अक्षरं झिजली आहेत, त्यात वर दोरा ओवायला कडी डागून जोडलेली, तेव्हा हौशी माणूसही चांदीच्या भावापलीकडे काही देणार नाही, असं त्यांनी मला सांगितलं. माझं तोंड उतरलं.

आई खुर्चीच्या टोकावर बसली होती. "किंमत राहू द्या, सर," ती म्हणाली. "खरा हाय का, तेवढं सांगा."

"खरा हाय की, आक्का. अस्सल चांदी."

"मंग वाजत का न्हाई?"

"कडी डागली की नाणं वाजत न्हाई. कापून देऊ का? खणखणीत वाजंल बघा."

आईने रुपया हातात घेऊन कडीवरून बोट फिरवलं. जिने आयुष्यभर मान खाली घालायला लावली ती एवढीशी कडी होती, आणि हे जिला सांगायचं ती आजीही आता उरली नव्हती.

"नगं," ती म्हणाली. "माझ्या गळ्यात राहावा म्हणून बापूनंच बसवून घेतली व्हती ती."

मग उठून तिने स्वतःच्या हाताने तो रुपया फरशीवर टाकला. ठक्क. आई हसली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

त्या दिवाळीत रुपया पहिल्यांदा ताटात बसला. आता आई नाही. दरवर्षी मी तो न घासता पूजेला ठेवतो. काळ त्याच्यावरची उरलीसुरली अक्षरंही नेईल, नेऊ दे. त्याच्या त्या ठक्क आवाजात मला अजूनही एक बाप लेकीच्या गळ्यात दोरा बांधताना ऐकू येतो.