मडमेचं माहेर

मी एक जुनी दुरबीण आहे. खरं म्हणजे दूरचं काही मला दिसत नाही. एकाच देखाव्याची दोन चित्रं शेजारी शेजारी चिकटवलेला पुठ्ठा माझ्या दांडीवर खोचायचा आणि दोन भिंगांतून दोन डोळ्यांनी पाहायचं. मग ती चित्रं एक होतात आणि देखावा समोर उभा राहतो, हात घालावा तर आत जाईल असा. पण पोंभुर्ण्याकडच्या जंगल बंगल्यावर मला दुरबीण हे नाव पडलं ते पडलं.

मित्रांनो, विलायतेतल्या एका सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं. जंगलखात्याच्या साहेबाची मडम मला इकडे घेऊन आली. सोबत तिच्या माहेरच्या खेड्याची बारा चित्रं होती. संध्याकाळी व्हरांड्यात बसून ती माहेरी जाऊन यायची आणि डोळे पुसायची. इंग्रज गेले तेव्हा तिने मला जहीरभाई खानसाम्याच्या हाती दिलं. माझ्या गावाला कुलूप लावू नकोस, एवढंच सांगितलं.

जहीरभाईने ते पाळलं. दर बाजाराच्या दिवशी तो मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडायचा आणि लोक मडमेच्या माहेरी जाऊन यायचे. शेवाळलेला दगडी पूल, शेकडो वर्षांचं चर्च, त्याच्या आवारातले कललेले थडग्यांचे दगड, पाणचक्की, बदकांचं तळं, पांढऱ्या घोड्याची पाटी टांगलेली खाणावळ. बाया आधी पाय धुवायच्या. माहेर कुणाचंही असो, रिकाम्या हाताने जायचं नसतं, म्हणून माझ्यापुढे मूठभर तांदूळ ठेवायच्या. मी फुगून जायची. जगात माझ्यासारखी मीच, असं मला वाटायचं.

तो गर्व मुखरूने उतरवला. मुखरू त्या भागातला नावाजलेला शाकारणारा. त्याने शाकारलेलं छप्पर कधी गळत नसे. पण मोहफुलं वेचताना अस्वलाने त्याचा एक डोळा नेला. पुढे छपरावर चढला तेव्हा वासा किती दूर आहे तेच त्याला कळेना. पाय चुकला आणि तो खाली आला. तेव्हापासून दोन वर्षं तो तोंडावर दुपट्टा घेऊन घरातच बसलेला. एका बाजारी त्याची बायको आशाबाई त्याला ओढूनच घेऊन आली. बाराव्या चित्रात एक म्हातारा शिडीवर चढून छप्पर शाकारत होता, ते तिला त्याला दाखवायचं होतं.

मुखरूने बराच वेळ पाहिलं. मग मला खाली ठेवलं.

"मले तर कागदच दिसून राह्यला," तो म्हणाला.

लोक हसले. मी लाजेने मेले. माझी सगळी करामत दोन डोळ्यांची. इतक्या दिवसांनी हा माणूस घराबाहेर पडला आणि मी त्याच्या तोंडावर दार लावलं.

आशाबाई हसली नाही. तिने मला डोळ्यांना लावलं, त्याच्या खांद्याला खांदा टेकवून बसली आणि दिसेल ते सांगू लागली. मुखरूने आपला एकुलता डोळा मिटला. गवत कसलं आहे, पेंढी केवढी आहे, हे तो विचारत राहिला. म्हाताऱ्याने वळचणीपासून सुरुवात करून आढ्याकडे काम नेलं असेल, असं त्याने न पाहताच सांगितलं, आणि तसंच होतं. मग तो म्हणाला,

"शिडी कोन धरून आहे?"

आशाबाईने पुन्हा पाहिलं. "कोनीच नाई."



त्या ज्येष्ठात स्वयंपाकघराचं छप्पर कुजून खाली लोंबू लागलं. पावसात चित्रांचा लगदा झाला असता. जहीरभाईने दोन अर्ज केले, पण वरून उत्तर आलं नाही. शेवटी मला पेटीत घालून कुलूप लावायचं त्याने ठरवलं. मडमेला दिलेला शब्द मोडणार होता, म्हणून बाजाराला आलेल्या सगळ्यांना त्याने तसं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मुखरू आणि आशाबाई गवताच्या पेंढ्या घेऊन आले. शिडी लावली. मुखरू पहिल्या पायरीवर पाय ठेवून तिथेच थांबला.

"चढा तुमी," आशाबाई म्हणाली. "मी आहो खाली."

तो चढला. ती शिडी धरून खालून सांगत होती, वासा आता वीतभर पुढे आहे, आता पाय टेका. तीन दिवस हेच चाललं. मित्रांनो, मी ओट्यावरून पाहत होते. एक डोळा वर होता, दुसरे दोन खाली होते, आणि छप्पर नीट जुळत गेलं. त्या पावसाळ्यात एक थेंबही गळला नाही.

आता माझी भिंगं धुरकटली आहेत. दोन चित्रं वाळवीने खाल्ली. मी कपाटात पडून असते. कुणाच्या हाती लागले तर मला मऊ फडक्याने पुसा, पुठ्ठे ओलीत ठेवू नका. आणि शेजारच्याला माझ्यातून काही दिसलं नाही तर हसू नका, त्याला बसून सांगा.

एवढंच आणखी. मुखरू पुढेही दर बाजारी यायचा. बारावं चित्र नुसतंच हातात घ्यायचा आणि शिडीच्या पायथ्याशी अंगठा दाबून धरायचा. तिथे काळपट डाग पडला आहे. बाकी सगळं पुसा, तो डाग तेवढा राहू द्या. म्हातारा अजून शिडीवर आहे.