काठोकाठ फुलपात्र

अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, असं पोथीत लिहिलंय म्हणतात. किशनरावांनी पोथी वाचलेली नव्हती, पण जावई पाहिलेला होता, आणि त्याच्यात विष्णूचं एकच लक्षण त्यांना सापडलं होतं. तो फारसा बोलत नसे. बाकी शिवशंकर साधा माणूस. नांदेडला बियाणांच्या कंपनीत फिरतीची नोकरी, एक पांढरी गाडी, चार वर्षांची अंजू आणि अंजूची आई तनुजा, म्हणजे किशनरावांची एकुलती लेक.

धोंड्याच्या जेवणासाठी ही मंडळी त्या रविवारी रेणापूरजवळच्या गावी आली, तेव्हा साखराबाईंची पहाटेपासूनची धांदल संपत आली होती. पुरणाचे धोंडे वाफेवर होते. तेहतीस अनारसे पितळी ताटात रचून वर जाळीचा रुमाल टाकला होता. मे महिन्याचं ऊन असं, की अंगणातली कोंबडीसुद्धा सावलीपुरतीच चालत होती. साखराबाईंनी परातीत जावयाचे पाय धुतले, किशनरावांनी अंगठी घातली, शेजारच्या संगप्पांनी अंगठी किती ग्रॅमची असेल याचा डोळ्यांनी अंदाज घेतला, आणि धर्मकार्य यथासांग पार पडलं.

उरला होता तो मान.

तो गेल्या आठवड्यापासून किशनरावांच्या डोक्यात बसला होता. संगप्पांनी त्यांच्या जावयाला धोंड्याला बोलावलं, तेव्हा अंगठीबरोबर एक भारीतली बाटलीही दिली होती, आणि ही गोष्ट त्यांनी पारावर इतक्या वेळा सांगितली होती, की ती बाटली आता गावातल्या प्रत्येकानं प्याल्यासारखी झाली होती. पलीकडच्या आळीतला एक जावई तर नुसत्या पुरणावर बोळवण केली म्हणून रुसून गेला, तो अजून आला नाही. साखराबाईंनी हे सगळं ऐकलं आणि भाकरी थापता थापता नवऱ्याला विचारलं, "मग आपलं काय?"

अडचण एवढीच होती, की किशनराव दारूबंदी समितीचे अध्यक्ष होते.

सात वर्षांपूर्वी गावातल्या बायांनी मतदान करून बाटली आडवी केली, गावातलं दुकान बंद पाडलं. त्या बायांच्या पुढं घोषणा देत चालणारा एकमेव पुरुष म्हणजे किशनराव. त्यांची शाल, श्रीफळ आणि फोटो अजून बैठकीत होते. गाव दारूमुक्त झालं, म्हणजे दारू सहा किलोमीटरवर फाट्याला गेली. पूर्वी पिणारे पायी घरी यायचे आणि पडले तर गटारात पडायचे. आता ते मोटारसायकलीवरून यायला लागले. ही सुधारणा समितीच्या अहवालात आली नाही.

तर अध्यक्ष स्वतः लातूरला गेले. उन्हाचं निमित्त करून तोंडाला उपरणं गुंडाळलं, आणि काउंटरवर जाऊन म्हणाले, चांगल्यातली द्या, जावयाला पाहिजे. दुकानदारानं नाव विचारलं. किशनराव दचकून म्हणाले, शिवशंकर. दुकानदार बाटलीचं नाव विचारत होता. घरी येताना ती कोथिंबिरीच्या पेंडीखाली झाकून आणली. अधिक महिना म्हणून साखराबाईंनी घरात अंडंसुद्धा येऊ दिलं नव्हतं. बाटलीबद्दल मात्र शास्त्रात स्पष्ट काही नाही, असं संगप्पांनी आपल्या बाटलीच्या वेळीच पारावर सांगून टाकलं होतं.

दीडच्या सुमाराला किशनरावांनी जावयाला मधल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. बाया स्वयंपाकघरात होत्या.

बाटली बघून शिवशंकर ओशाळला. म्हणाला, मामा, कशाला हे, मला गाडी चालवायचीय. चारला निघालो तरच दिवस असताना नांदेड गाठतो. खरंच नको.

किशनरावांना त्यातलं 'नको' तेवढं ऐकू आलं. आपल्याकडं पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो तो संस्कार, दुसऱ्यांदा म्हणतो ती लाज, आणि तिसऱ्यांदा म्हणाला की वाढायचं असतं. पण शिवशंकर चौथ्यांदाही नको म्हणाला. चौथ्यांदा नको म्हणजे राग.

"अंगठी पसंत न्हाई पडली का, पाव्हणं?"

"तसं न्हाई हो, मामा."

"मग माझ्या हातचं घ्यायला कमीपणा वाटायला?"

शिवशंकर मान खाली घालून बसला. किशनरावांनी फडताळातून स्टीलचं फुलपात्र काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि ओतायला लागले. जन्मात त्यांनी कधी ओतली नव्हती. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की पाहुण्याचं भांडं अर्धं ठेवणं म्हणजे अपमान. त्यांनी काठोकाठ भरलं. पाणी घालतात असं त्यांच्या कानावर होतं, पण दुधात पाणी घालणाऱ्यांना आयुष्यभर शिव्या दिलेल्या माणसाचा हात त्या कामाला धजेना.

"मामा, एवढी कुणी घेत न्हाई."

"घ्या हो. रोज रोज धोंड्याचा महिना येतो का?"

शिवशंकरनं एक घोट घेतला आणि भांडं खाली ठेवलं. किशनराव हात जोडून उभेच होते. सासरा उभा आणि जावई बसलेला, हे त्याला सोसेना. आणखी दोन-तीन दमांत डोळे मिटून त्यानं भांडं रिकामं केलं. किशनरावांना वाटलं, मान पोचला.

मग पुरुषांची पंगत झाली. शिवशंकरनं धोंडे खाल्ले, तूप खाल्लं, आणि बैठकीत बाजेवर जो आडवा झाला तो पावणेचारला उठला. डोळे लाल होते. उन्हानं झाले असतील, असं साखराबाई म्हणाल्या.

गाडी अंगणात होती. तनुजाची ओटी भरून झाली होती, अनारशांचा डबा मागच्या सीटवर गेला होता. निरोपाला पाच-सहा जणं जमली होती. संगप्पा होते, समितीतल्या दोन बाया होत्या. तनुजा झोपलेल्या अंजूला नवऱ्याच्या हातात द्यायला पुढं झाली आणि तिथंच थांबली. लेकरू तिनं परत खांद्यावर घेतलं.

"तुम्ही घेतलाव?"

शिवशंकर खाली बघून म्हणाला, "हाव."

"कुठं?"

त्यानं सासऱ्याकडं बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं किशनरावांना पुढं कितीदा तरी वाटलं. त्यानं बघितलं नाही. अध्यक्षांची अब्रू त्यानं जिभेखाली धरून ठेवली.

तनुजा ओरडली नाही. तीन वर्षं जी गोष्ट नवरा-बायकोनं कुणाला सांगितली नव्हती, ती तिनं अंगणात सगळ्यांसमोर सांगितली. कंपनीची मीटिंग संपवून मायलेकींना घेऊन घरी येताना यानं अशीच घेतली होती. लोह्याच्या अलीकडं डोळा लागला आणि गाडी हळदीच्या रानात शिरली. बांधाला अडली म्हणून तिघं वाचली. अंजू तेव्हा मांडीवर होती. दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्यावर हात ठेवून यानं शपथ घेतली, गाडी चालवायची त्या दिवशी थेंब घेणार नाही.

"तीन वर्षं पाळली हो ह्यांनी," तनुजा म्हणाली. "माझ्याच माहेरात येऊन मोडायची होती का?" मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "मी न्हाई बसणार. लेकरूबी न्हाई."

साखराबाई लिंबू कापायला आत धावल्या. सणावारी गडीमाणूस घेतोच, लिंबू चोखलं की रस्त्यात उतरतं, असं त्या आतूनच सांगत होत्या. किशनराव तुळशीपाशी उभे होते. त्यांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मीच पाजली त्याला. तीन शब्द. ग्रामसभेत दीड-दीड तास बोलणाऱ्या माणसाला तीन शब्दांची काय कथा? पण समोर समितीच्या बाया होत्या, संगप्पा कान टवकारून होते. तोंड उघडलं तेव्हा दुसरंच वाक्य बाहेर पडलं.

"तनुजा, चारचौघांत नवऱ्याचा पाणउतारा करू नये. बस गाडीत."

लेकीनं बापाकडं बघितलं. बापाच्या फोटोखाली बसून तिनं शाळेत असताना दारूबंदीवर निबंध लिहिला होता, आणि मुद्दे बापानंच सांगितले होते. ती बसली नाही.

इतक्यात समोरच्या घरातले नजीरभाई आले. एसटीत एकतीस वर्षं स्टेअरिंग धरून निवृत्त झालेला माणूस, किशनरावांचा शाळेपासूनचा दोस्त. जावयाच्या डोळ्यांकडं बघून त्यांना काही विचारावं लागलं नाही. ते म्हणाले, किल्ली मला द्या. मी नांदेडला सोडतो. पुढं मुदखेडला आमची रजिया हाय, तिच्याकडं मुक्काम करीन, सकाळच्या गाडीनं परत. नातवंडं बी बघून होतील.

एवढं सोपं होतं. शिवशंकरचा हात खिशाकडं गेलाही होता.

"न्हाई नजीर, नको," किशनराव म्हणाले. जावयाची गाडी दुसऱ्यानं हाकली, तर कशापायी हाकली हे गाव विचारणार, आणि विचारत विचारत मधल्या खोलीपर्यंत येणार. "झोप झालीय त्यांची. काई होत न्हाई."

शिवशंकरचा चेहरा उतरला. बायकोनं नाकारलेला, सासऱ्यानं रस्त्यावर लोटलेला माणूस तिथून निसटायचं तेवढं बघतो. उद्या बसनं ये, मला सकाळी ड्युटी हाय, एवढं बोलून तो गाडीत बसला.

गाडी उलटी काढायची होती, आणि गल्ली अरुंद. एकतीस वर्षांची सवय. नजीरभाई आपसूक गाडीच्या मागं गेले आणि एसटीच्या पत्र्यावर मारल्यासारखी हवेत थाप मारत म्हणायला लागले, येऊ द्या, येऊ द्या. गाडी बैलगाडीच्या चालीनं मागं आली. मग ते म्हणाले, बस. शिवशंकरनं पाय दाबला. ब्रेकवर दाबायचा, तो दुसरीकडं पडला. गाडीनं उसळी घेतली, आणि नजीरभाई आणि त्यांच्या स्वतःच्या घराची भिंत यांच्यामध्ये जी हातभर जागा होती ती संपली.

आवाज मोठा झाला नाही. अंजूसुद्धा जागी झाली नाही.

संगप्पांच्या जीपमधून त्यांना लातूरला नेलं. अंजूला साखराबाईंजवळ ठेवून तनुजा आणि शिवशंकर पुढं बसले. मागं नजीरभाईंचं डोकं मांडीवर घेऊन किशनराव बसले होते. डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता. एकतीस वर्षं घाटातून, पुलावरून, पुरातून गाडी काढून ज्याला ओरखडा आला नाही, तो आपल्या दारात मोडला. नजीरभाई दात आवळून होते, आणि मध्येच किशनरावांना म्हणाले, "रडू नको रे. तुझ्या जावयाचं पाहू काहीतरी."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पायाचा फोटो काढला, शिवशंकरच्या दंडातून रक्त काढलं. दिवेलागणीला हवालदार वही घेऊन आला. चाळिशीतला, दिवसभर अशाच वह्या भरून दमलेला. नजीरभाईंनी आधी जबाब दिला. मीच मधी आलो, पोराची चूक न्हाई. हवालदारानं शिवशंकरकडं बघितलं.

"चूक माझी हाय," शिवशंकर म्हणाला. "मी प्यालेलो होतो."

"कुठं पिला?"

बाकावर तनुजा बसली होती. किशनराव भिंतीला टेकून उभे होते.

"फाट्यावरच्या ढाब्यावर. दुपारी जेवणाआधी, बाया स्वयंपाकघरात होत्या तेव्हा डिझेल टाकायला म्हणून गेलो होतो."

तनुजानं डोळे मिटले. किशनरावांना ते दिसलं. शपथ मोडली हे एक, आणि आता चोरून जाऊन, खोटं सांगून मोडली हे दुसरं. पहिलं कदाचित तिनं कधीतरी पोटात घातलं असतं. ह्या दुसऱ्याच्या बाजूला ती पुढची तीस वर्षं झोपणार होती, आणि नवरा डिझेलला निघाला की दर वेळी दारापर्यंत येऊन त्याचं तोंड बघणार होती. एक जण मोडक्या पायानं खोटं बोलत होता, एक जण मोडका संसार हातात धरून खोटं बोलत होता, आणि दोघांच्या खोट्याच्या सावलीत अध्यक्ष उभे होते. ऊन फक्त त्यांनाच लागत नव्हतं.

"ढाब्यावर न्हाई," किशनराव म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला, की हवालदारानं परत विचारलं.

"ढाब्यावर न्हाई गेला तो. माझ्या घरात. मी पाजली. तो चारदा नको म्हणला. गाडी चालवायचीय म्हणला. मी ऐकलं न्हाई." मग ते लेकीकडं बघून बोलायला गेले, पण बघवलं नाही, म्हणून फरशीशी बोलले. "भांडं भरून दिली. वर उभा राहिलो, पिईपर्यंत. अन् नजीर गाडी न्यायला तयार होता, त्यालाबी मीच नको म्हणलं."

शिवशंकर म्हणाला, "मामा, जाऊ द्या."

"न्हाई जाऊ द्यायचं. लिहा साहेब."

हवालदारानं पेन डोक्याला लावलं. वही उलटीपालटी करून बघितली. त्यात चालकाचं नाव होतं, गाडीचा नंबर होता, लायसन होतं, जखमीचं वय होतं.

"काका, पाजणाऱ्यासाठी ह्यात जागा न्हाई," तो जरा मायेनंच म्हणाला. "अन् तसं धरायला लागलो तर दर लग्नातली अर्धी वरात, धोंड्याचे सगळे सासरे, अन् आमच्या ठाण्यातलेबी चार जण धरावं लागंल. पिणाऱ्यानं नको म्हणायचं असतं."

"म्हणला होता की."

हवालदारानं वही मिटली.

"धरायचं तर माझ्यापासून धरा," किशनराव म्हणाले. "दुसऱ्या कागदावर लिहा. मी सही करतो. उद्या ग्रामसभेतबी हेच सांगणार हाय, समितीच्या बायांपुढं. त्यांनी काय ठरवायचं ते ठरवू द्या."

हवालदारानं कोरा कागद काढला. किशनराव सांगत गेले, तो लिहीत गेला. दंड होणार, खटला चालणार, लायसन जाणार, ते सगळं शिवशंकरलाच होणार होतं. किशनरावांच्या सहीनं त्यातलं काही कमी होणार नव्हतं. सही करून त्यांनी मागं वळून बघितलं.

तनुजा उठली होती. शिवशंकरच्या बाकावर जाऊन ती त्याच्या शेजारी बसली, आणि रक्त काढलेल्या दंडावरचा कापूस निसटला होता, तो तिनं दाबून धरला. दोघांच्या पलीकडं बाकावर एका माणसापुरती जागा होती.

बापाला बस म्हणून ती म्हणाली नाही. किशनरावही बसले नाहीत. ते आत गेले आणि नजीरभाईंच्या खाटेशी, पायाच्या बाजूला, जमिनीवर बसून राहिले.