भागीरथीबाईंनी काय पाहिलं

व्हाइटफील्डहून मेट्रो पकडून, मॅजेस्टिकला गाडी बदलून शाल्मली चिकपेटला उतरली. मैत्रिणीकडे जाते, असं ती नवऱ्याला, उपेंद्रला, सांगून निघाली होती. मुकुंदरावांचं साड्यांचं दुकान शोधायला फार हिंडावं लागलं नाही. गल्लीतल्या पहिल्याच माणसानं हात करून दाखवलं.

मागच्या डिसेंबरात लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवरून तिचा नवरा समुद्रात पडला होता. तो वाचला तो मुकुंदरावांच्या बायकोमुळे, भागीरथीबाईंमुळे. उतरताना घाईघाईत शाल्मली त्यांच्या पाया पडली होती. "बेंगळूरातच राहता ना? मग या की चिकपेटला," त्या म्हणाल्या होत्या. तेवढीच ओळख.

त्या दुपारी शाल्मली केबिनमध्ये केस वाळवत होती. स्पीकरवरून 'ऑस्कर, ऑस्कर, ऑस्कर' अशी घोषणा झाली. ऑस्कर नावाच्या कुणाला तरी बोलावत असतील, असं तिला वाटलं आणि तिनं ड्रायर पुन्हा सुरू केला. माणूस पाण्यात पडला की जहाजावर हा शब्द उच्चारतात, प्रवासी घाबरू नयेत म्हणून, हे तिला नंतर कळलं. जहाज वळायला लागलं तेव्हा ती बाहेर आली. डेकवर नऊवारीतल्या एक बाई कठड्याला टेकून, हात लांब करून समुद्राकडे बोट दाखवत उभ्या होत्या. खाली नारिंगी होडी त्या बोटाच्या रोखानं निघाली होती.

उपेंद्रच्या डोक्याला मार लागला होता. शुद्धीवर आल्यावर त्याला पाणी आठवत होतं, त्याच्या आधीचं काही नाही. तो जिथून पडला तो डेकचा कोपरा लाइफबोटीमुळे कॅमेऱ्यात येत नव्हता. कंपनीनं कळवलं की पडण्याचं कारण समजू शकलं नाही.

शाल्मलीला ते वाक्य छळत राहिलं. क्रूझच्या आधीच उपेंद्रची नोकरी गेली होती. तो तासन्‌तास गप्प बसायचा; सहल तिनंच हट्टानं ठरवली होती. आता त्याला दुसरी नोकरी लागली होती, संध्याकाळी तो भाजी घेऊन यायचा, सगळं ठीक होतं. तरी बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या बाल्कनीला तिनं कुलूप लावलं. कबुतरं येतात, असं कारण सांगितलं. किल्ली कुठे ठेवलीस, हे उपेंद्रनं विचारलंही नाही. तेच तिला जास्त लागलं.

दुकानात शिरताच मुकुंदरावांनी तिला ओळखलं आणि वरच्या मजल्यावरच्या घरात नेलं. भागीरथीबाई शेंगा सोलत होत्या.

"बस गं. स्वल्प कॉफी घे आधी. यजमान बरे आहेत ना?"

"बरे आहेत, आजी." शाल्मलीनं पेला हातात धरून ठेवला. "मला एक विचारायचं होतं. तुम्ही त्याला पडताना पाहिलंत ना?"

"पाहिलं की."

"तो पडला, की..."

भागीरथीबाईंनी शेंगांची परात बाजूला सारली. तिला काय म्हणायचं होतं ते त्यांना कळलं होतं.

"उडी नाही मारली गं त्यानं. ओढणी काढायला गेला."

"ओढणी?"

"पिवळी. खुर्चीवर होती, ती वाऱ्यानं उडाली आणि कठड्याबाहेर त्या लाइफबोटीच्या दोरात अडकली. हा कठड्याच्या खालच्या दांडीवर चढला. मी ओरडले, 'बेड, बेड!', नको नको म्हणून. घाबरले की माझ्या तोंडात कन्नडच येतं. तर मागं वळून माझ्याकडे बघून हसला. एक मिनिट, असं बोटानं दाखवलं. ओढणी हातात आलीसुद्धा त्याच्या. मग पाय घसरला."

शाल्मलीची पिवळी ओढणी खरोखरच हरवली होती. गोंधळात कुठे तरी राहिली, असं समजून तिनं ती शोधलीही नव्हती.

"आजी, तुम्ही हे जहाजावर कुणाला सांगितलं नाहीत?"

"त्यांनी विचारलं, कुणी ढकललं का. मी नाही म्हटलं. 'सरी', ठीक आहे, म्हणाले आणि गेले. मला वाटलं, बाकीचं त्यानंच सांगितलं असेल तुला."

शाल्मली रडायला लागली. भागीरथीबाई तिच्याजवळ सरकून बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मुकुंदरावांना काय करावं सुचेना. ते म्हणाले, "त्या दिवशी जहाजावर मी हिला हाका मारतोय, चहा गार होतोय म्हणून, आणि ही माझ्याकडे बघायलाच तयार नाही. मला वाटलं, रागावली."

"कशी बघू?" भागीरथीबाई म्हणाल्या. "जहाजावर काम करणारा एक पोरगा मला बजावून गेला होता, नजर हलवू नका म्हणून. एवढंसं डोकं दिसत होतं. हलवली असती तर गेलाच असता."

शाल्मलीला रडता रडता हसू आलं. तिनं डोळे पुसले आणि तिथूनच उपेंद्रला फोन लावला. "चिकपेटला ये," एवढंच म्हणाली. "आजींकडे आहे मी."

शनिवारच्या गर्दीतून वाट काढत तो आला तेव्हा जेवणाची पानं मांडून झाली होती. कुठल्या आजी, हे त्यानं विचारलं नाही. दारातच चप्पल काढून तो भागीरथीबाईंकडे बघत उभा राहिला. शाल्मलीनं त्याला सगळं सांगितलं, कठडा, ओढणी, दोर. तो खाली बसला.

"मलाही माहीत नव्हतं गं," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, कदाचित मीच..." मग त्यानं भागीरथीबाईंना विचारलं, "मी खरंच हसलो होतो?"

"हसलास की. मला रागच आला होता तुझा. म्हातारी ओरडतेय आणि हा दात दाखवतोय."

मुकुंदराव मोठ्यानं हसले, मग उपेंद्रही. शाल्मलीनं त्याला असं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं. भागीरथीबाईंनी त्याच्या पानात चित्रान्न वाढलं. त्यानं ते संपवलं, पुन्हा मागून घेतलं आणि जेवता जेवता मुकुंदरावांना विचारायला लागला, एवढ्या गर्दीत तुम्ही माल आत आणता तरी कसा.