वाईट गटातली मावशी

माझी मावशी लोकांना गाडी शिकवायची. शिकवण्याच्या गाडीत तिच्या पायाशीही एक ब्रेक होता, आणि तो ती इतक्या सढळ पायाने दाबायची की शिकाऊ मंडळी तिला ब्रेकबाई म्हणत. तिच्या यकृतातली कॅन्सरची गाठ काढली, तेव्हा गाठीचा तुकडा एका खास तपासणीला गेला. त्या पेशींमधली कोणती जनुकं जोरात कामाला लागलीत आणि कोणती गप्प बसलीत, हे पाहून आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज बांधायचा होता.

निकालाच्या दिवशी मावशी रक्त द्यायला गेली, तेवढ्यात मामा मला घेऊन डॉक्टरांच्या खोलीत शिरला.

"वाईट असेल तर तिला सांगू नका, बाई. खचेल ती."

"रिपोर्ट त्यांचा आहे," डॉक्टर म्हणाल्या.

इतक्यात कोपरावर कापूस दाबत मावशी आत आली. "दादा, माझ्या यकृताबद्दल बोलायचं तर माझ्यासमोर बोल."

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. जनुकांचा नमुना वाईट गटातला होता. अशा दहा जणांपैकी सहा-सात जणांना गाठ परत येते. मामाने डोकं धरलं.

"आणि उरलेले तीन-चार कोण?" मावशीने विचारलं.

"ते यावरून नाही सांगता येत."

"बरं. आणि परत आलीच तर?"

"लवकर सापडली तर बरंच काही करता येतं. म्हणून तुमचं स्कॅन इतरांपेक्षा जास्त वेळा करायचं."

"हे आधी सांगायचं ना!"

घरी मात्र सुतकी कळा पसरली. पाहुणे येत आणि दबक्या आवाजात बोलत. "मी अजून आहे, मोठ्याने बोला," मावशी आतून ओरडायची. मामाने तर गाडीची किल्ली स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"तुझ्या भल्यासाठीच गं."

"किल्ली दे, नाहीतर कपाट उचलून नेईन. आणि चल, तूही गाडी शिकायला बस. मला स्कॅनला कोण नेणार?"

साठी उलटलेल्या मामाने आयुष्यात स्टेअरिंगला हात लावला नव्हता. मैदानात त्याची गाडी सशासारख्या उड्या मारत बंद पडायची. मावशी पोटावरच्या टाक्यांना उशी लावून हसायची आणि हसता हसता त्याला शिव्या घालायची. हळूहळू तो शिकला. तिचे बाकीचे विद्यार्थीही परतले.

दुसऱ्या वर्षी स्कॅनमध्ये मटाराएवढा ठिपका दिसला. मामाच्या डोळ्यांना धार लागली. "रिपोर्ट खरा ठरला गं!"

"खरा होता म्हणून तर वेळेत सापडला. रडतोस काय? गाडी काढ."

डॉक्टरांनी पोटातून सुई घालून तो ठिपका जाळून टाकला. आठवड्याभरात मावशी पुन्हा रस्त्यावर होती.

त्याला आता चार वर्षं झाली. परवाचं स्कॅनही स्वच्छ आलं. "आता तरी निर्धास्त ना?" डॉक्टरांनी हसून विचारलं.

"निर्धास्त कशाला?" मावशी पर्स उचलत म्हणाली. "येऊ दे त्या गाठीला यायचं तर. पुढची तारीख सांगा."