लोढणं

दगडोबा मिस्त्रीनं दोन्ही क्लिपा खटकन काढल्या, डिस्ट्रिब्युटरचं काळं टोपण उचललं आणि आत फुंकर मारली. धूळ उलटून त्याच्याच डोळ्यांत गेली. डोळे चोळत त्यानं निदान सांगितलं, की ठिणगी वाटून देणाराच म्हातारा झालाय, तर बिचाऱ्या इंजिनानं करायचं काय.

शिरूरच्या त्याच्या गॅरेजबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत जीप उभी होती आणि पुढच्या सीटवर रतनबाई बसून होती. कवठे येमाईहून ट्रॅक्टरनं ओढत आणली, तेव्हापासून ती खाली उतरली नव्हती. जीप तिच्या नवऱ्याची, हरिबाची. हरिबा दिवाळीच्या तोंडावर गेला, आणि जायच्या आधी आरटीओत खेटे घालून घालून जीप तिच्या नावावर करून गेला. तिला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

मुलगा मल्हार पाटसच्या कारखान्यातून रजा टाकून आला होता. त्याचं म्हणणं, हे जुनं धूड फेकून द्या आणि नवा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर बसवा, पुण्याहून दोन दिवसांत येतो. जन्मात त्यानं ही जीप चाळीसच्या वर गेलेली पाहिली नव्हती. हरिबाची जीप आणि हरिबाची मेंढरं एकाच टायमाला घरी पोचतात, असं गाव म्हणायचं; हरिबा नुसता हसायचा. दगडोबाला मात्र नव्याचं कौतुक नव्हतं. बुश आणि स्प्रिंगा बदलल्या तर जुनाच अजून वीस वर्षं काढील, असं तो छातीठोक सांगत होता. दोघांची चांगलीच जुंपली, आणि शेवटी दोघंही रतनबाईकडे बघायला लागले.

"आधी पुरता उघडून तर बगा," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

निंबाचा मोहर हळूहळू अंगावर गळत होता. दुपार जड झाली होती. अर्धवट झोपेत रतनबाईला वाटलं, जीप चालायला लागली. हरिबा शेजारी बसलाय, मुंडासं मांडीवर काढून ठेवलंय, दोन्ही बाजूंना ऊस डुलतोय आणि रस्ता संपता संपत नाही. छान वाटत होतं. मग ते वळण आलं. एकतीस वर्षं तिची झोप त्याच वळणावर येऊन मोडायची.

मांडवगण फराट्याला लग्नाला निघाले होते तेव्हा. जीप नुकतीच घेतलेली, हरिबाच्या अंगात रग. दोस्ताची गाडी शेजारून पुढं गेली आणि याला चेव आला; त्या वळणावरही त्यानं वेग सोडला नाही, जीप खड्ड्यांतून उधळली. रतनबाईला पाचवा महिना होता. हळू चालवा, असं ती दोनदा म्हणाली. संध्याकाळी पोटात दुखायला लागलं आणि दौंडच्या दवाखान्यात सगळं संपलं. मुलगी होती. धक्क्यांनीच झालं असं नाही, कधी कधी होतं असं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी समजावलं.  हरिबा तिसऱ्या दिवशी कांद्याला पाणी द्यायला निघून गेला. तेव्हा नाही आणि पुढंही कधी त्या पोरीचा विषय त्याच्या तोंडून निघाला नाही. या बाप्याला काळीजच नाही, हे रतनबाईनं तेव्हा ठरवलं ते ठरवलंच. मल्हार झाला, संसार झाला, पण ती अढी काही गेली नाही.

"वहिनी, जरा हिकडं या."

ती दचकून जागी झाली, पदर सावरत खाली उतरली. दगडोबानं डिस्ट्रिब्युटर सोडवून टेबलावर मांडला होता. वरची पत्र्याची चकती काढली की खाली दोन इवलीशी वजनं असतात, ती त्यानं दाखवली. गाडी वेग घ्यायला लागली की ही वजनं फाकतात, ठिणगी लवकर पडते आणि इंजिनाला जोर येतो. इथं दोन्ही वजनं तारेनं एकमेकांना करकचून बांधलेली होती. पाण्याच्या मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार, तेलानं काळीठिक्कर पडलेली.

"लोढणं घातलंय हे," दगडोबा म्हणाला. "उधळ्या गुराच्या गळ्यात ओंडका अडकवत्यात ना, तसलं. म्हंजी पळूच नये म्हणून. लई जुनी तार हाय. आन् मी खुळा, तीनदा कारबुरेटर साफ केला. ह्याला हात लावाया गेलो की हरिबा म्हणायचा, ते ऱ्हाऊ दे."

कुणा अडाण्याचं काम, असं मल्हार पुटपुटला. रतनबाई मात्र टेबलावर वाकली होती. तारेच्या टोकाशी गाठ होती. कोकराला बांधताना धनगर घालतात ती, जनावराला काचतही नाही आणि सुटतही नाही. तारेवर असली गाठ घालायची तर बोटं सोलून निघतात. त्या साली दवाखान्यातून घरी आल्यावर आठ दिवसांत हरिबाच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. तिनं विचारलंसुद्धा नव्हतं, कशानं कापलं म्हणून.

आणि मग आयुष्यभर हा माणूस सगळ्यांचे टोमणे ऐकत हसत राहिला. तिचेही. रतनबाईला हुंदका आवरेना. मल्हार घाबरून पाणी आणायला धावला.

"जुनाच ठिवा," ती शेवटी दगडोबाला म्हणाली.

दगडोबानं मान हलवली, घुटमळला. मग खालच्या आवाजात त्यानं विचारलं, की हरिबानंच घातली असेल तर काम झाल्यावर तार पुन्हा बांधू का.

"न्हाई. सोडवा ती. एकतीस वरसं वढलं त्यांनी. बास झालं आता."

चौथ्या दिवशी मायलेक जीप घेऊन घरी निघाले. घोडनदी मागं पडली, रस्ता मोकळा झाला. मल्हारनं सवयीनं चाळीसला पाय धरला होता.

"दाब की रं," रतनबाई म्हणाली.

त्यानं दाबलं. जीप क्षणभर थबकल्यासारखी झाली आणि मग पन्नास, साठ, सहज पुढं झेपावली. वारा आत घुसला, मल्हार पोरासारखा हसायला लागला. रतनबाई समोरच्या रस्त्याकडे बघत होती.

"मल्हार, तुझ्या आधी आमाला एक पोरगी झाली व्हती."

मल्हारचा पाय आपोआप पेडलवरून उठला.

"पाय कशाला काडलास?" ती म्हणाली. "चालव तू. मी सांगते."