खांद्यात गेलेली सुई

सोनगीरच्या सुलक्षणाबाई लग्नघरी खापरावरचे मांडे करायच्या. पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायचा. करोनाची लस त्यांनी धुळ्याच्या एका खासगी दवाखान्यात पैसे भरून घेतली आणि तेव्हापासून डावा हात वर जाईना. वेणी सून घालायची. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, सुई दंडाऐवजी सांध्यात गेली.

दवाखान्याचे मालक डॉ. अभिमन यांनी त्यांना बसा म्हटलं नाही.

"सगळ्यांचेच हात दुखले, बाई. तुम्हीच एकट्या आलात पैसे मागायला."

"मना हात वर जात नही," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "आते कोर्टमाच बोलूत."

वकील कुंदन यांनी ग्राहक आयोगात डॉक्टर आणि सुई टोचणारी नर्स मेघा, दोघांविरुद्ध तक्रार केली. मेघा सोनगीरला घरी आली.

"काकू, माझं नाव काढा. सरांनी मला कामावरून काढलंय."

"सुई तूच टोची ना?" म्हणत सुलक्षणाबाईंनी दार लावून घेतलं.

सुनावणीत डॉक्टरांच्या वकिलांनी सर्वांसमोर त्यांना हात वर करायला लावला. तो छातीपाशीच अडकला.

"मांडे करून झिजलेला खांदा आहे हा," वकील म्हणाले. "बाकी नाटक."

सुलक्षणाबाई दात आवळून उभ्या राहिल्या. मग डॉक्टरांचं म्हणणं वाचलं गेलं: चूक झालीच असेल तर नर्सची. ते ऐकून मेघा उठली.

"यांच्या ब्लाऊजची बाही घट्ट होती. आत नेऊन बाही मोकळी करते म्हटलं, तर सर म्हणाले, रांग खोळंबलीय, गळा खांद्यावरून ओढ आणि वरच टोच. मी टोचली."

आयोगाने भरपाई दवाखान्यावर बसवली, मेघाला वगळलं. डॉक्टर कोणाकडे न बघता निघून गेले.

जिन्यात मेघा म्हणाली, "तुमच्यासाठी नाही बोलले मी."

"माहीत शे," सुलक्षणाबाई म्हणाल्या आणि कठडा धरून खाली उतरल्या.

महिन्याभरात डॉक्टरांनी वर अपील केलं. कुंदन यांनी फोनवर तडजोडीचं विचारलं. सुलक्षणाबाईंच्या तेव्हा लग्नघरच्या मांड्यांच्या दोन सुपाऱ्या या हातामुळे परत गेल्या होत्या.

"तडजोड नही," त्या म्हणाल्या. "पुढली तारीख सांगा."